गाडी दिली, दोन लाख अडकले: वसुली कशी करायची?

तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असं: कोरेगाव तालुक्यातल्या तुमच्या घरून तुम्ही डिझेल स्विफ्ट ४ लाख १० हजारांना विकली. घेणारे विट्याजवळचे, मेव्हण्याच्या ओळखीतले. १ लाख ५० हजार खात्यावर आले, ६० हजार रोख मिळाले. उरलेले २ लाख ‘उसाचं बिल जमा झालं की देतो’ या बोलीवर राहिले. त्यातल्या १ लाखाचा चेक त्यांनी दिला, पण ‘मी सांगेपर्यंत टाकू नका’ म्हणाले. तुम्ही गाडी, आरसी आणि टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर) सह्या, सगळं देऊन टाकलं. आता पाच महिने होत आले. फोन कधी उचलतात, कधी नाही. आरसी अजून तुमच्याच नावावर आहे. पोलीस म्हणतात, दिवाणी मॅटर आहे. दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे, म्हणून विचारताय की गाडी उचलून आणू का.

मी साताऱ्यात वकिली करतो आणि वसुलीचे दावे हे माझं रोजचं काम आहे. आधी किल्लीचं सांगतो: आणू नका. आरसीवर नाव तुमचं असलं तरी गाडी तुम्ही राजीखुशीने ताब्यात दिली आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून धरायचा हक्क आहे, पण माल ताब्यात असेपर्यंतच. एकदा ताबा दिला की तो हक्क संपतो आणि उरतो तो किमतीचा दावा. रात्रीतून गाडी आणलीत तर दुसऱ्या दिवशी ते विटा पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार देतील, आणि ज्या माणसाकडून २ लाख यायचे त्याच्याशीच तुम्हाला गुन्हा मागे घेण्यासाठी बोलणी करावी लागतील. बाजू खरी असूनही असं नमतं घ्यावं लागलेले पक्षकार मी पाहिले आहेत. ती किल्ली पाकिटात घालून, वर गाडीचा नंबर लिहून कपाटात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. अशा प्रकरणात पैसे मिळतात की नाही हे बहुतेक वेळा एका कागदावर ठरतं: ‘एवढी रक्कम मी देणं लागतो’ असं समोरच्याने स्वतः सही करून दिलेला कागद. तो मिळवायची वेळ असते ती समोरचा माणूस अजून गोड बोलत असतो तोवर. लोक नेमकी हीच वेळ भिडेत घालवतात. पाहुण्यातला माणूस, लिहून कसं मागायचं, मेव्हण्याला काय वाटेल, असं करत महिने जातात आणि मग एकदम भांडण होतं. भांडण झालं की कोणी काही लिहून देत नाही. तुमचे गृहस्थ अजून अधूनमधून फोन घेतात, म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही. मेव्हण्याला सोबत घ्या, आणि या आठवड्यात विट्याला जाऊन या. पैसे मागू नका, कागद मागा. कागदावर एवढं आलं की पुरे:

‘मी खाली सही करणार, स्विफ्ट गाडी क्र. एमएच-११ (पुढे पूर्ण नंबर) ही दि. ... रोजी पाहून, चालवून, पसंत करून एकूण रु. ४,१०,००० ला विकत घेतली व त्याच दिवशी कागदपत्रांसह ताब्यात घेतली. आजवर रु. २,१०,००० दिले असून रु. २,००,००० देणे बाकी आहे. पैकी रु. १,००,००० साठी चेक क्र. ... दि. ... चा दिलेला आहे. उरलेले रु. १,००,००० मी दि. ... पर्यंत आपल्या खात्यावर भरीन.’

खाली त्यांची सही, तारीख आणि मेव्हण्याची साक्षीदार म्हणून सही. ५०० रुपयांच्या स्टँपवर केलंत तर उत्तम. तिथे स्टँप मिळाला नाही म्हणून मात्र परत येऊ नका, साध्या कागदावर घ्या. कमी पडलेलं मुद्रांक शुल्क दंडासह पुढे भरता येतं, हातची सही पुढे मिळत नाही. ‘पाहून, चालवून, पसंत करून’ हे शब्द सोडू नका, त्याचं कारण पुढे येईल. चेकच्या रकमेला नवी मुदत कुठेही लिहू नका. नाहीतर उद्या ते म्हणतील की चेकची जुनी बोली मोडून नवी बोली झाली होती.

कागद देत नसतील तर निदान व्हॉट्सअॅपवर घ्या. मेसेज साधा आणि आकड्यांचा असू द्या: ‘नमस्कार, गाडीच्या ४ लाख १० हजारांपैकी २ लाख १० हजार मिळाले, २ लाख बाकी आहेत. कधी भरताय, तारीख कळवा.’ ‘पुढच्या महिन्यात बघतो’ एवढं उत्तर आलं तरी बाकीचा आकडा त्यांनी नाकारला नाही, हे दिसतं. शिव्या, धमक्या, ‘बघून घेतो’ असलं काही लिहू नका. कोर्टात तुमचेही मेसेज वाचले जातात. ज्या फोनवर हे संभाषण आहे तो फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन जवळ असला की ते सोपं जातं.

आता चेक. तुम्ही लिहिलंय की त्यावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम चार आठवडे आहेत. उद्याच बँकेत भरा. ‘मी सांगेपर्यंत टाकू नका’ ही विनंती होती आणि ती तुम्ही पुरेशी पाळलीत. चेक वटला तर निम्मा प्रश्न मिटला. परत आला तर बँकेचा रिटर्न मेमो (चेक का वटला नाही याची चिठ्ठी) जपून ठेवा, तो मिळाला त्या दिवसाची तारीख पेनाने डायरीत लिहा, कारण पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजलं जातं. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक न वटल्यावर ज्याच्या कलम १३८ ची केस होते त्या कायद्याखाली, मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्यांना १५ दिवस असतात. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी कोर्टात तक्रार दाखल करायची. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या नोटिशीत लोक एक गोष्ट हमखास चुकवतात. बाकी २ लाख आहे म्हणून ‘१५ दिवसांत २ लाख भरा’ असं लिहितात. १३८ च्या नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची, इथे बरोबर १ लाखाची, आकड्यात आणि अक्षरात स्पष्ट असली पाहिजे. उरलेल्या १ लाखासाठी वेगळी नोटीस द्या. एकाच पाकिटात दोन्ही कोंबू नका. केस कुठे चालणार ही तुमची धास्तीही काढून टाका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात भरला असेल तर केस ज्या शाखेत तुमचं खातं आहे तिथल्या कोर्टात चालते. तुमचं खातं कोरेगावच्या शाखेत असेल तर केस कोरेगावला. विट्याला चकरा मारायची गरज नाही, तारखांना त्यांनाच इकडे यावं लागेल. २०१८ पासून याच कायद्याच्या कलम १४३ अ प्रमाणे, आरोपीने गुन्हा नाकारला तर चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा हुकूम कोर्ट करू शकतं. तो अर्ज वकिलांना आठवणीने द्यायला सांगा.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोस्टात पोचीचा पुरावा मिळेल अशी सेवा मागून घ्या. पावती आणि ऑनलाइन ट्रॅकिंगची प्रिंट दोन्ही ठेवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘मागणी केली नाही’ असा शेरा घेऊन परत आलं तर निराश होऊ नका आणि ते फोडू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा धरतो. बंद पाकीट तसंच कोर्टात दाखल होतं.

उरलेल्या लाखासाठी, आणि चेकचंही काही झालं नाही तर पूर्ण २ लाखांसाठी, दिवाणी दावा. मुदत ३ वर्षांची. पैसे देण्याचा दिवस ठरला नसेल तर गाडी दिल्याच्या तारखेपासून, ठरला असेल तर तो दिवस उलटल्यापासून. ही मुदत संपण्याआधी त्यांनी सही करून बाकी कबूल केली तर सहीच्या दिवसापासून ३ वर्षं पुन्हा मोजली जातात. म्हणजे तो कागद इथेही कामाला येतो. शिवाय लेखी कबुली हातात असेल तर वकील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी दावा टाकण्याचा विचार करू शकतात. त्यात समोरच्याला आपोआप कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देता येत नाही. १० दिवसांत हजर व्हायचं आणि पुढे बचावासाठी कोर्टाची परवानगी मागायची, अशी पद्धत आहे. बचाव पोकळ दिसला तर कोर्ट परवानगी नाकारतं किंवा आधी रक्कम भरायला लावतं. नुसत्या तोंडी बोलीवर हा रस्ता मिळत नाही, साधा दावा करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. गाडीचा ताबा कोरेगावात दिला, पैसे तुमच्या कोरेगावच्या खात्यात आले, म्हणजे दाव्याचं कारण अंशतः तिथे घडलं. म्हणून दिवाणी दावाही कोरेगावात करता येतो.

दाव्यात समोरून काय येणार हेही सांगून ठेवतो. ‘गाडीत दोष निघाला. टर्बो गेला, इंजिनाचं काम निघालं, किलोमीटर मागे केले होते, म्हणून उरलेले पैसे थांबवले.’ जुन्या गाडीच्या जवळजवळ प्रत्येक दाव्यात हे वाक्य कैफियतीत असतं, आणि बहुतेक वेळा ते पहिल्यांदा कैफियतीतच उगवतं, त्याआधी एकाही मेसेजमध्ये नसतं. म्हणून ‘पाहून, चालवून, पसंत करून’ हे शब्द. म्हणूनच सर्व्हिसिंगची बिलं, शेवटच्या सर्व्हिसिंगचं रीडिंग, गाडी विकायच्या वेळचे फोटो आत्ताच एका फाइलला लावा. रोख मिळालेले ६० हजार नोटिशीत आणि दाव्यात मान्य करा. पावती नाही म्हणून लपवायचा मोह होतो, पण उलटतपासात ते एक खोटं निघालं की खऱ्या २ लाखांवरचाही विश्वास उडतो. (रोखीची रक्कम तुमच्या बाबतीत मर्यादेत आहे. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली असती तर आयकर कायद्याखाली रोख घेणाऱ्यालाच, म्हणजे तुम्हालाच, तेवढा दंड होऊ शकतो. हे पुढच्या वेळी ध्यानात असू द्या.)

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती पैशांची नाही. गाडी अजून तुमच्या नावावर आहे, याची. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर नोंद तो मालक. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाम सांगितलं: गाडी विकली, पुढे आणखी हातांत गेली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर. उद्या विटा–कराड रस्त्यावर त्या स्विफ्टने कुणाला उडवलं आणि त्या दिवशी विमा संपलेला असेल, तर भरपाईचा दावा तुमच्या अंगावर येईल. तो आकडा २ लाखांच्या किती पट असेल याचा विचार करा. म्हणून आजच विम्याची तारीख बघा. संपत आली असेल तर पदरचे काही हजार घालून निदान थर्ड पार्टी विमा स्वतः उतरवा आणि तो खर्चही नोटिशीत मागा. वसुलीच्या प्रकरणात पदरचे पैसे घाला असं मी एरवी कुणाला सांगत नाही. इथे सांगतो.

याच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमचे १४ दिवस केव्हाच गेले, तरी कळवा. साताऱ्याच्या आरटीओत लेखी अर्ज द्या: गाडी अमुक तारखेला अमुक व्यक्तीच्या ताब्यात दिली, किमतीपैकी २ लाख येणं बाकी आहे, माझ्या सह्यांचे फॉर्म त्यांच्याकडे आहेत, हस्तांतराचा अर्ज आल्यास मला कळवावं. आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. आरटीओ पैशांचा वाद सोडवत नाही, आणि अशा अर्जाने हस्तांतर नक्की थांबेलच याची हमी नसते. ठोस अडवायचं असेल तर दिवाणी दाव्यात मनाई हुकूम घ्यावा लागतो. पण ताबा कुठल्या तारखेला कुणाकडे गेला याची सरकारी दप्तरात नोंद राहते. तुमच्या मोबाईलवर हस्तांतराचा ओटीपी आला तर पैसे खात्यावर दिसेपर्यंत तो कुणालाही सांगू नका. सह्या केलेले फॉर्म घेऊन त्यांनी गाडी तिसऱ्यालाच विकली आणि त्या तिसऱ्याने चांगल्या हेतूने पैसे मोजले, तर त्याच्याकडून गाडी परत मिळणं फार अवघड. तुमचा हिशेब तेव्हा फक्त पहिल्या माणसाशी उरतो.

फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर त्याचं स्टेटमेंट काढा. तासवडे, आणेवाडी किंवा किणीच्या टोल नाक्यावर अमुक तारखेला अमुक वाजता पैसे कापले गेले, ही नोंद गाडी वापरात असल्याचा चांगला पुरावा आहे. ‘दोष निघाला म्हणून गाडी दारात उभी आहे’ असं म्हणणाऱ्याची गाडी महिन्यातून चार वेळा पुण्याला जाऊन आली, हे त्या एका कागदावर दिसतं. स्टेटमेंट काढून झालं की टॅग बंद करा. ई-चलनंही तुमच्याच नावाने येत असतील, त्यांच्याही प्रिंट घ्या.

पोलीस जे म्हणाले ते तुमच्या बाबतीत चूक नाही. निम्म्याहून जास्त रक्कम भरलेल्या माणसाने बाकी थकवली, एवढ्यावर फसवणूक होत नाही. सुरुवातीपासूनच बुडवायचा हेतू होता हे दिसलं पाहिजे. खोटा नेफ्ट स्क्रीनशॉट दाखवून गाडी नेली, खोटा पत्ता दिला, दोन दिवसांत गाडी पुढे विकून गायब झाले, फॉर्मवर तुमची खोटी सही केली, असं काही असतं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार द्या असं मीच म्हटलं असतं. ठाण्यात नोंदवून घेतली नाही तर साताऱ्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, असा तो रस्ता आहे. ग्राहक आयोगाचंही काहींनी तुम्हाला सुचवलंय. तिथे जाऊ नका, विकणारा हा ग्राहक नसतो.

दावा टाकण्याआधी एक रस्ता जरूर वापरा, तुमच्यासारख्या पाहुण्यातल्या प्रकरणात तर विशेष. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करा. फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. समोरच्याला कोर्टाच्या आवारातून पत्र जातं आणि लोकअदालतीत बोलावलं जातं. घरी तीनदा टोलवणारा माणूस न्यायाधीशांसमोर बसला की हप्ते बांधून घेतो, हे मी नेहमी पाहतो. तिथे झालेली तडजोड ही कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच (दाव्याच्या निकालासारखीच) असते, तिच्यावर अपील नाही. हप्ता चुकला तर थेट दरखास्त करता येते. मात्र लोकअदालतीची वाट बघत चेकच्या ३० दिवसांची मुदत घालवू नका. दोन्ही गोष्टी सोबत चालतात.

आणि दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली. ‘हुकूमनामा होऊन काय, पैसे कोण देतो’ असं तुम्हाला गावात ऐकवलं जातंय. वसुली होते, पण समोरच्याचं येणं कुठून आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे. ते स्वतः उसाच्या बिलाचं नाव घेतात. मग ऊस कुठल्या कारखान्याला जातो, बिल कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत पडतं, हे मेव्हण्याकडून आत्ताच काढून ठेवा. कारखान्याकडून त्यांना येणं असलेली रक्कम आणि बँक खातं, दोन्हींवर जप्ती मागता येते. नोकरी असेल तर पगाराचा काही भाग: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश हिस्सा सोडून बाकीच्यावर. दरखास्तीची मुदत १२ वर्षांची आहे, तेव्हा या हंगामात नाही तर पुढच्या हंगामात बिल पडेलच. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच, तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

पूर्ण पैसे खात्यावर जमा झाले, आणि जमा झाल्याचं तुम्ही पासबुकात बघितलं, की त्याच दिवशी त्यांना ‘संपूर्ण रक्कम मिळाली’ अशी पावती द्या, केस सुरू असेल तर तडजोडीची पुरसीस (कोर्टाला लेखी कळवणं) दाखल करा आणि हस्तांतराचा ओटीपी समोर बसून द्या. त्यानंतर वाहन पोर्टलवर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. बदललेल्या नावाची प्रिंट आली की कपाटातलं ते पाकीट फोडून दुसरी किल्ली त्यांना देऊन टाका आणि किल्ली मिळाल्याची सही घ्या.